दोघंही 'तसलेच': न्यूरोडायव्हर्जंट जोडीची प्रेमकथा (रहस्यभेद नाही, म्हणजे फारसा नाही)

पानगळ (धागाकर्ती)

काल रात्री 'अ‍ॅक्ट युअर एज, ईव्ह ब्राउन' दुसऱ्यांदा वाचून संपवलं. पहिल्यांदा अधाशासारखं वाचलं होतं, पुढे काय होतं ते बघायला. (रोमान्समध्ये पुढे काय होतं ते पहिल्या पानापासून ठाऊक असतं हे मान्य, तरीपण.) या खेपेला सावकाश वाचलं आणि आता कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये, म्हणून हा धागा. (शीर्षकातलं 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणजे ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे असे, उदाहरणार्थ ऑटिस्टिक माणसं.)

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टालिया हिबर्ट ही ब्रिटिश लेखिका. ब्राउन आडनावाच्या तीन बहिणींवर तिने २०१९, २०२० आणि २०२१ अशा तीन वर्षांत तीन कादंबऱ्या लिहिल्या, प्रत्येकीची एक. ही तिसरी, शेंडेफळाची. आधीच्या दोन वाचलेल्या नसल्या तरी काही अडत नाही. ईव्हचे केस जांभळे आणि हाती घेतलेलं कुठलंच काम धड तडीस नेल्याचा इतिहास नाही. एका लग्नाचं आयोजन करायला जाते, तिथे आणलेल्या कबुतरांची दया येऊन ती सोडून देते आणि समारंभाचा विचका होतो. आईवडील म्हणतात, आता पुरे, मोठी हो. ती गाडी काढून निघते ती इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये जेकब वेनच्या बी-अँड-बीत (मुक्काम आणि न्याहारी देणारं छोटं अतिथीगृह), आचाऱ्याच्या जागेसाठी मुलाखतीला. जेकब म्हणजे टापटिपीचा अर्क. तो तोंडावर सांगतो की तुला घेण्याचा प्रश्नच येत नाही. मग तिच्याच गाडीची धडक बसून त्याचा हात मोडतो, आणि माणसं आधीच कमी असल्यामुळे हिला ठेवून घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

इथवर सगळं नेहमीचं. खडूस नायक, धांदरट नायिका, एक छप्पर. पण जेकब ऑटिस्टिक आहे, त्याला ते पक्कं माहीत आहे, आणि पुस्तक त्याचा गौप्यस्फोट वगैरे करत नाही. एखाद्याने आपण डावखुरे आहोत हे सांगावं तसं ते येतं. आणि त्याच्या सहवासात ईव्हला हळूहळू उमगत जातं की आपणही बहुधा त्यातल्याच.

मला हे पुस्तक इतकं का आवडलं याचा रात्रभर विचार केला. मला वाटतं, यातलं कुणीच कुणाचं दुभाषी नाही, म्हणून. आजवर अशा कथांमध्ये एक 'विचित्र' आणि एक 'नॉर्मल' असायचा. नॉर्मलने विचित्राला माणसांत आणायचं, हसायला शिकवायचं, मग प्रेम. इथे दोघंही आपापल्या तऱ्हेने तसलेच. तिला गडबडगोंधळ सुचतो, त्याला ओळीत लावलेल्या वस्तू. एकाच घरातली दोन टोकं. पण न समजलेलं सरळ विचारायचं आणि विचारलेलं सरळ सांगायचं, यात दोघांचंही जमतं. ईव्ह कायम एका कानात इअरबड घालून गाणी ऐकत असते. सुरुवातीला जेकबला तो निव्वळ बेपर्वाईचा कळस वाटतो. मला मात्र पहिल्या प्रकरणापासून ते ओळखीचं वाटलं. मला स्वतःला ऑटिझमचं निदान एकेचाळिसाव्या वर्षी मिळालं. त्याआधी पंचवीस वर्षं मी कुठल्याही खोलीत शिरायच्या आधी दाराबाहेर थांबून 'हॅलो, कसे आहात' याची मनात तालीम करत आले. नायिका हे असलं काही करते आणि तरीही तिच्यावर कुणीतरी वेड्यासारखं प्रेम करतं, हे वाचायला मिळेल असं मला वाटलंच नव्हतं.

तुम्ही वाचलंय का? आणखी अशी पुस्तकं? आणि न आवडलेल्यांनीही लिहा, मी रागावणार नाही.

विसरभोळी

पानगळ, अगं काय लिहिलंयस! मी तीन वेळा वाचलं हे. पुस्तक म्हणतेय, धागा नाही. धागा दोनदा.

माझं सांगते. मला एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही, धांदल कायमची), नवरा ऑटिस्टिक. लग्नाला तेरा वर्षं झाली, निदानं झाली मागच्या पाचात. आमची पहिली आठ वर्षं एकाच भांडणात गेली. त्याचा चेहरा असा की बघणाऱ्याला वाटावं याला आत्ताच कुणीतरी शिवी घातलीय. मी विचारायची 'काय झालं?', तो म्हणायचा 'काही नाही', मला वाटायचं लपवतोय, मी आणखी खोदायची, आणि मग त्याला खरंच राग यायचा. आता माझा प्रश्न तीनच शब्दांचा असतो: 'चेहरा की राग?' तो एका शब्दात उत्तर देतो. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा 'चेहरा'. उरलेल्या पाच वेळा मी खोलीतून निघून जाते आणि वीस मिनिटांनी येते. बास. समुपदेशन, पुस्तकं, रुसवेफुगवे हे सगळं मिळून जे जमलं नाही ते तीन शब्दांत जमलं.

कादंबरीत जेकब आणि ईव्ह एकमेकांना असंच काहीतरी थेट विचारतात तेव्हा बाकीच्यांना ते विनोदी वाटत असेल. मला तो सगळ्यात रोमँटिक भाग वाटतो. आणि हो, बेडरूमचं दार यात सताड उघडं आहे, नवख्यांनी लक्षात ठेवा. पण तिथेही हेच. हे चालेल का, ते आवडतंय का, असं बोलून विचारतात. नजरेतून समजून घेण्याची परीक्षा नाही.

तिरकस

मोडता घालायचा नाही, पण मला हे पुस्तक गोग्गोड वाटलं. दोघं दिसायला देखणी, दोघांच्या तऱ्हा गोंडस, आणि ऑटिझम म्हणजे जणू स्वभावाला दिलेली झालर. मी ज्या ऑटिस्टिक माणसासोबत राहतो (माझा धाकटा भाऊ), त्याला ऑफिसातले दिवे बदलले म्हणून नोकरी सोडावी लागली. वाईट दिवशी तो दोन-दोन दिवस बोलत नाही. ते या जांभळ्या केसांच्या पुस्तकात कुठे आहे?

दुसरं, हल्ली प्रत्येकालाच काहीतरी 'असतं'. चार व्हिडिओ बघून स्वतःला लेबल लावायचं. ईव्हचंही तेच नाही का?

पानगळ

तिरकस, पहिल्या मुद्द्यावर अर्धी सहमत. हे पुस्तक हलकंफुलकं आहे आणि त्याला तसंच राहायचंय. पण मला विचाराल तर ऑटिस्टिक माणसाला हलकंफुलकं पुस्तक मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. आमच्या वाट्याला एकतर करुणकथा यायच्या, नाहीतर गणितातले चमत्कार.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल: मी एकेचाळीस वर्षं लेबलाशिवाय जगले. लेबल नव्हतं असं नाही, लेबलं भरपूर होती. शिष्ट, माणूसघाणी, अतिशहाणी. ती माझी मी लावली नव्हती, एवढंच. लेबल बदललं तर मला आवडलं. तुमच्या भावाला हवं तर विचारून बघा.

तिरकस

विचारतो. (खरंच विचारतो, टोमणा नाही.)

मनोमनी

तिरकस यांच्या पहिल्या मुद्द्यासाठी हेलन हुआंग हे नाव पुढे करते. तिची पहिली कादंबरी 'द किस कोशंट' २०१८ची. नायिका स्टेला अर्थमिती करते आणि प्रेमसंबंध 'शिकायला' चक्क एका व्यावसायिक सोबत्याला नेमते. विनोदी आहे, गोड आहे, त्यातही तुमची तक्रार राहील. पण २०२१ची 'द हार्ट प्रिन्सिपल' वाचा. त्यातली अ‍ॅना व्हायोलिन वाजवते आणि वाजवता वाजवता अडकते. त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा, पुढे जाताच येत नाही. तिला निदान कथेच्या ओघात मिळतं, आणि घरच्यांना ते पटत नाही. ते पुस्तक मी दोनदा मिटून ठेवलं होतं, इतकं ते अंगावर आलं. रोमान्स म्हणून घेतलंत तर फसाल, पण तुम्ही शोधताय ते त्यात आहे. हुआंगला स्वतःलाही निदान मोठेपणीच, पहिल्या पुस्तकाच्या सुमारास मिळालं. 'आतून लिहिलेलं' म्हणजे काय ते तिथे कळतं.

आता पानगळच्या 'दुभाषी नाही' या वाक्याबद्दल, कारण ते मला फारच आवडलं. १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांची ती प्रसिद्ध चाचणी घेतली. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून जाते, अ‍ॅन ती डब्यात हलवते, सॅली परत आल्यावर कुठे शोधेल? (टोपलीतच, कारण हलवल्याचं तिला माहीत नाही.) २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांनी उत्तर चुकवलं. तिथून पुढे काही दशकं सगळीकडे हेच: ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही. आता सांगा, ज्याला दुसऱ्याचं मन कळत नाही त्याला प्रेमकथेत कोण नायक करणार? केलंच तर सुधारणेच्या बोलीवर.

२०१२मध्ये डेमियन मिल्टनने (तो स्वतः ऑटिस्टिक आहे) हे उलटं करून मांडलं. त्याला 'डबल एम्पथी प्रॉब्लेम' म्हणतात. म्हणजे न कळण्याचा प्रश्न दोन्ही बाजूंनी आहे. तुम्हाला आमचं मन तरी कुठे कळतं? मग २०२०मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, कानगोष्टीच्या खेळासारखा. आठ-आठ जणांची साखळी, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जवळपास तितकीच टिकली जितकी सगळे नॉन-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. घसरली ती मिश्र साखळीत.

ईव्ह-जेकबचे संवाद वाचताना मला तीच साखळी आठवत होती. ती सांगते ते त्याच्यापर्यंत न सांडता पोचतं. बाकी गिऱ्हाइकांशी दोघांची किती ओढाताण होते बघा.

बिनधास्त

एवढं सगळं वाचून मी पुस्तक मागवलं. धाग्याला शुभेच्छा. तूर्तास पोच.

शब्दखुळा

थोडं अवांतर, पण पूर्ण अवांतर नाही.

मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द देखणा आहे, आणि मला तो पहिल्यापासून खटकतो. मूळ शब्दच तसा आहे म्हणा. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात तो घडवला, ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्व' यावरून. बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आत जाणं, असा अर्थ. पुढे १९४३ला लिओ कॅनरने ११ मुलांवरच्या आपल्या निबंधात तो वापरला आणि १९४४ला हान्स अ‍ॅस्पर्गरने व्हिएन्नात. मुलं वेगळी, आजार वेगळा, शब्द तोच चिकटला. आपण त्याचं इमानेइतबारे भाषांतर केलं.

आता गंमत बघा. 'स्वमग्न नायक' असं मराठीत लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे कोण येतं? आरशापुढे उभा राहून भांग पाडणारा. किंवा खिडकीत बसून शून्यात बघणारा कवी. यातला एकही प्रेमात पडायच्या लायकीचा नाही. शब्दानेच अर्धी प्रेमकथा मारून टाकली. पानगळ यांनी अख्ख्या धाग्यात 'ऑटिस्टिक' लिहिलंय, ते मला म्हणूनच बरं वाटलं.

'न्यूरोडायव्हर्जंट'ला मात्र मराठी शब्द हवा. 'चेताभिन्न' कसा वाटतो?

विसरभोळी

चेताभिन्न म्हणजे विजेची तार तुटल्यासारखं वाटतंय. 😄

तिरकस

'तसलेच' उत्तम आहे. धाग्याच्या शीर्षकातच आहे.

शब्दखुळा

लोल. 'तसलेच' मंजूर. तिरकस, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत होतोय, तारीख लिहून ठेवतो.

रातकिडा

एक प्रामाणिक प्रश्न. मी रोमान्स वाचत नाही. शेवट आधीच माहीत असलेलं पुस्तक वाचण्यात मजा ती काय? दोघं एकत्र येणार, हे मुखपृष्ठावरच छापलेलं असतं.

पानगळ

रातकिडा, प्रश्न चांगला आहे, आणि माझं उत्तर कदाचित सगळ्या रोमान्सवाचकांचं नसेल. मला शेवट माहीत असतो म्हणूनच मी वाचू शकते. चित्रपटात पुढे काय होणार या ताणाने माझे खांदे कानांपर्यंत जातात, गोष्ट डोक्यात शिरतच नाही. इथे तो ताण काढून घेतलेला असतो. मग मी बारीकसारीक बघायला मोकळी. तो 'सॉरी' कसं म्हणतो, ती गप्प कधी होते, कोण आधी बसतं. पाठ असलेला रस्ता असला की आजूबाजूचं दिसतं, तसं.

म्हणून मला यातला शेवटाकडचा तो ठरलेला दुरावा मात्र आवडत नाही. सगळ्याच रोमान्समध्ये पाऊण वाटेवर एक गैरसमज टाकायची रीत आहे. अख्खं पुस्तकभर जी दोन माणसं सरळ विचारत आली, त्यांनी नेमकं तिथेच विचारायचं विसरावं? जेकबला सोडून जाण्याची धास्ती का आहे ते लेखिकेने आधी नीट पेरलंय, त्यामुळे अगदीच ओढूनताणून नाही. पण दुसऱ्यांदा वाचताना मी ती पानं भराभर उलटली, कबूल करते.

विसरभोळी

दुराव्याबद्दल +१. माझा नवरा ते वाचून म्हणाला, 'त्याने चेहरा की राग विचारायला हवं होतं.'

मनोमनी

मला उलट वाटतं. सरळ बोलणारी माणसं सगळ्यात जास्त घाबरलेली असताना सरळ बोलत नाहीत. मी तरी नाही बोलत. माझी वाचाच जाते. नंतर दोन दिवसांनी पूर्ण, मुद्देसूद, आकडे घातलेलं उत्तर तयार होतं, तेव्हा समोरचा विषय विसरलेला असतो. त्यामुळे मला तो भाग खरा वाटला.

आणि विसरभोळीने एडीएचडीचा विषय काढलाय म्हणून: ईव्हच्या अर्धवट सोडलेल्या कामांकडे बघून बऱ्याच वाचकांना तिला एडीएचडीही असेल असं वाटतं. पुस्तक तसं शिक्कामोर्तब करत नाही. पण दोन्ही एकत्र असू शकतं, हे निदानाच्या अमेरिकी नियमावलीने (डीएसएम) २०१३च्या पाचव्या आवृत्तीत मान्य केलं. त्याआधीच्या आवृत्तीत ऑटिझमचं निदान असेल तर एडीएचडीचं करायचं नाही असा दंडक होता. म्हणजे लहानपणी ज्यांची तपासणी झाली त्या आमच्यातल्या अनेकांना अर्धंच उत्तर मिळालं.

तिरकस

भावाला विचारलं. लेबलाबद्दल. तो म्हणाला, 'त्या कागदामुळे मला हेडफोन घालून काम करायची परवानगी मिळाली. लेबल-बिबल तू बघ.' मग म्हणाला, कुठलं पुस्तक, दाखव. आता तो वाचतोय. पन्नास पानं झाली. जेकबची बाजू घेऊन ईव्हवर वैतागलाय. 'मुलाखतीची वेळ ठरवून येतात' असं दोनदा म्हणाला.

पानगळ

😄 त्याला म्हणावं, तिच्याही बाजूची पन्नास पानं पुढे आहेत.

ओवी_आई

मी इथे फक्त वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. सांभाळून घ्या.

माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे, ऑटिस्टिक. अभ्यास, नोकरी, एकट्याने प्रवास या सगळ्याची काळजी मी करून झाले. पण त्याच्या आयुष्यात कुणी येईल का, हा प्रश्न मी कधी मोठ्याने उच्चारला नाही. डॉक्टरांपुढे नाही, नवऱ्यापुढेही नाही. मागच्या महिन्यात त्यानेच विचारलं, 'आई, कुणाला मी आवडतो हे कसं ओळखायचं?' मला काही सुचेना. मी म्हटलं, कळतं आपोआप. तो म्हणाला, 'मला आपोआप काही कळत नाही, तुला माहीत आहे.' बरोबरच होतं त्याचं.

हे पुस्तक त्याला द्यावं का? ते उघड्या दाराचं वाचून जरा थबकले.

विसरभोळी

ओवी_आई, मुलगा बावीस वर्षांचा आहे हो. दार त्याने कधीच उघडून बघितलं असेल. 🙂 द्या.

पानगळ

ओवी_आई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. द्या, पण 'यातून शिक' असं म्हणून देऊ नका. आम्हाला जे दिलं जातं त्यातलं निम्मं शिकण्यासाठीच असतं. नुसतं 'मजेशीर आहे' म्हणा. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं असतं तर म्हटलं असतं: आवडणाऱ्या माणसाने ते तोंडाने सांगावं, आणि सांगत नसेल तर तू विचार. यातल्या जोडीला तेवढंच येतं आणि त्यांचं भागतं.

ओवी_आई

दिलं काल. म्हटलं, मजेशीर आहे. त्याने नेहमीप्रमाणे आधी शेवटचं पान उघडलं. कुठलंही पुस्तक तो तसंच सुरू करतो, लहान होता तेव्हापासून. आम्ही किती रागावायचो त्यावरून. रातकिडा यांना दिलेलं तुमचं उत्तर वाचल्यावर मला ते आठवलं आणि अंमळ अपराधी वाटलं.

शेवटचं पान वाचून म्हणाला, 'एकत्र राहतात. ठीक आहे.' मग पहिल्या पानापासून सुरू केलं.

आज सकाळी त्याने एकच प्रश्न विचारला. ती सोडलेली कबुतरं पुढे कुठे गेली, ते पुस्तकात आहे का? मी वाचलेलं नाही म्हणून इथे विचारते.

पानगळ

दोनदा वाचलं आणि मला हे सुचलंही नाही. थांबा, पुन्हा काढते पुस्तक.